रानाच्या भेगा, माठाचं पाणी आणि 'क्षार' : विज्ञानातल्या शब्दांबद्दल वाचकांचे प्रश्न

तिसरी ते सातवीच्या मुलांना विज्ञानातले शब्द समजावताना कुठं अडतं, ते मराठवाड्यातल्या शिक्षकांनी आणि पालकांनी कळवलं होतं. त्यातले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. जवळपास प्रत्येक प्रश्नात अडचण एकच दिसते : मुलाच्या तोंडात एक शब्द आधीच असतो आणि पुस्तक तोच शब्द जरा वेगळ्या अर्थानं वापरतं.

'उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात' असं चौथीच्या वर्गात शिकवलं. एक मुलगी म्हणाली, "मग बाई, उन्हाळ्यात आमच्या रानाला भेगा कशा पडतात? रान तर आकसतं." काय उत्तर द्यावं? – शिक्षिका, औसा

मुलीचं निरीक्षण पक्कं आहे आणि पुस्तकातलं वाक्यही बरोबर आहे. मात्र त्या वाक्याचा भेगांशी संबंध नाही. भेगा पडतात त्या मातीतलं पाणी गेल्यामुळे. ऊन फक्त ते पाणी लवकर घालवतं.

आपल्याकडची काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे असतात. पावसाळ्यात या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं, ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी निघून गेलं की पापुद्रे पुन्हा जवळ येतात. सगळं रान एकदम आत ओढलं जातं, पण ते एकसंध राहू शकत नाही, म्हणून जागोजागी फाटतं. मुरमाड रानात अशी चिकणमाती फार कमी असते, त्यामुळे तिथं भेगा पडत नाहीत. हा फरक मुलांना रोज दिसतो, तो त्यांच्याकडूनच काढून घ्या.

वर्गात हे दाखवायला जुन्या कंपासपेटीची दोन सारखी झाकणं लागतात. काळी माती चाळून घ्या. दोन वाट्या मातीत थोडं थोडं पाणी घालत भाकरीच्या पिठासारखी मळा. साधारण पाऊण ते एक वाटी पाणी बसतं. झाकणांना आतून गोडेतेलाचं बोट फिरवा, माती काठोकाठ दाबून भरा आणि वरून पट्टीनं सपाट करा. एक झाकण उन्हात ठेवा, दुसरं वर्गात सावलीत. उन्हातली माती एक-दोन दिवसांत वाळते, सावलीतली चार-पाच दिवस घेते. दोन्हीकडं माती झाकणाच्या कडेपासून सुटून आत सरकलेली दिसेल. पट्टीनं मोजून फळ्यावर लिहा. सावलीतली मातीही आकसली, म्हणजे कारण उष्णता नाही, हे मुलं स्वतःच सांगतील. तिसऱ्या झाकणात भिजवलेली वाळू ठेवली तर आणखी चांगलं. ती वाळते, पण जागची हलत नाही.

हा प्रयोग दोन ठिकाणी फसतो. तेल लावायचं राहिलं तर माती पत्र्याला धरून बसते आणि मधूनच तीन-चार ठिकाणी तडकते. तसं झालं तर सगळ्या तुकड्यांची लांबी मोजून बेरीज करा, आकसणं तरीही दिसेल. आणि माती फार पातळ झाली असेल तर वरचा थर वाळून वाकडा होतो आणि मोजता येत नाही.

आता शब्दांकडं. उष्णतेनं होणारी वाढ म्हणजे प्रसरण. पाणी शिरून होणारी वाढ म्हणजे फुगणं. भिजवलेले हरभरे फुगतात, पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं, काळी माती फुगते. या तिन्हींना 'प्रसरण' म्हटलं की मुलांचा गोंधळ सुरू होतो. दोन्ही बदलांच्या आकारातही मोठी तफावत आहे. १० मीटर लांबीचा लोखंडी गज ३० अंशांनी तापला तर सुमारे साडेतीन मिलिमीटरच वाढतो, पण उन्हाळ्यात रानातल्या भेगेत मुलाचा अख्खा हात जातो.

'बाष्पीभवन म्हणजे पाण्याची वाफ होणे' असं मुलाला पाठ आहे. पण माठात पाणी गार कसं होतं हे विचारलं तर म्हणतो, "वाफ तर गरम असते, मग पाणी गार कसं होईल?" शिवाय पावसाळ्यात माठ गार का करत नाही? – पालक, गेवराई

घोळ 'वाफ' या शब्दात आहे. घरात वाफ म्हणजे चुलीवरच्या भगोण्यातून निघणारा पांढरा धूर. तो पांढरा दिसतो, कारण ते पाण्याचे अगदी बारीक थेंब असतात. वायुरूप पाणी, म्हणजे बाष्प, डोळ्यांना दिसतच नाही. कुकरची शिट्टी होताना लांबून नीट पाहायला सांगा : शिट्टीच्या तोंडाशी लगेच काहीच दिसत नाही, थोडी जागा मोकळी असते आणि तिच्यावर पांढरा लोट सुरू होतो. त्या मोकळ्या जागेत बाष्प असतं. लोटात ते निवून त्याचे थेंब झालेले असतात. पोरांना कुकरजवळ मात्र जाऊ देऊ नका, ती मोकळी दिसणारी जागाच सगळ्यात जास्त भाजते.

दुसरा भेद उकळण्याचा. पाणी उकळतं तेव्हा आतून बुडबुडे येतात आणि सगळ्या पाण्याचं बाष्प होऊ लागतं, त्याला उत्कलन म्हणतात. बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावरून होतं आणि कोणत्याही तापमानाला होतं. दोरीवरचं धोतर उकळत नाही, तरी वाळतं. म्हणून 'पाण्याची वाफ होणे' ही व्याख्या बदलून 'द्रवाचे पृष्ठभागावरून वायूत रूपांतर होणे' अशी करून घ्या.

गारव्याचं कारण असं : पाण्याला बाष्प व्हायला उष्णता लागते आणि ती ते आपल्या शेजारच्या पाण्यातून घेतं. हा हिशेब मोठा आहे. १ ग्रॅम पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेतं, तेवढी काढून घेतली तर सुमारे ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार होतं. माठाच्या भिंतीतल्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, तिथून उडतं आणि आतलं पाणी गार होत जातं.

पावसाळ्यात हवेत आधीच भरपूर बाष्प असतं, म्हणजे आर्द्रता जास्त असते. माठ बाहेरून ओला राहतो, पण ते पाणी उडत नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते, म्हणून माठ आणि कूलर दोन्ही उत्तम चालतात. कोकणात त्याच महिन्यांत त्यांचा तेवढा उपयोग होत नाही.

करून पाहायचं असेल तर अर्ध्या लिटरच्या दोन सारख्या बाटल्यांत एकाच हंड्यातलं पाणी भरा. एकीला ओला सुती मोजा घाला, दुसरीला तसाच कोरडा. दोन्ही सावलीत, वारा लागेल अशा जागी टांगा. ओला मोजा दर १५ मिनिटांनी ओला करत राहा, तो वाळला की गार होणं थांबतं. तासाभरानं तापमान मोजा. उन्हाळ्यात पाच-सहा अंशांचा फरक सहज मिळतो. श्रावणात तोच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. मोजायला ताप पाहायचा थर्मामीटर चालत नाही. तो फक्त ३५ ते ४२ अंशांच्या आसपासचं दाखवतो आणि गरम पाण्यात बुडवला तर फुटतो. शाळेच्या पेटीतला उणे १० ते ११० अंशांचा, लाल द्रवाचा घ्या. पाऱ्याचा मुलांच्या हाती देऊ नये.

जुना माठ गार करत नाही, त्याचं कारणही इथंच सापडतं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार छिद्रांत साचतात आणि ती बुजतात. माठ काथ्यानं बाहेरून-आतून घासा, साबण लावू नका, तो मातीत मुरतो. बाहेरून ऑइल पेंटनं रंगवलेल्या माठात पाणी गार होत नाही.

गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात, त्याला संघनन म्हणतात असं सांगितलं. अर्ध्या वर्गाचं म्हणणं, "पाणी पाझरलं." पटवून कसं द्यावं? – शिक्षक, जिंतूर

माठ पाझरताना रोज पाहणारी मुलं असंच म्हणणार. त्यांचा तर्क वाईट नाही, फक्त तपासायला हवा. स्टीलच्या पेल्यात बर्फाचं पाणी घ्या आणि त्यात शाई टाकून निळं करा. बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालानं टिपा. रुमाल निळा होत नाही.

वर्गात एखादा हुशार मुलगा म्हणेल की शाई आतच राहिली आणि नुसतं पाणी पाझरलं. त्याच्यासाठी दुसरी तपासणी : पेल्यावर झाकण ठेवा आणि १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवून वजन लिहा. दहा-पंधरा मिनिटांनी, थेंब न पुसता, पुन्हा लिहा. पाणी आतून बाहेर आलं असतं तर आकडा तोच राहिला असता. तो एखाद-दोन ग्रॅमनं वाढतो, म्हणजे पाणी हवेतून आलं. मोठा पेला घ्या, छोट्यात फरक काट्याला कळत नाही.

हा प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये ठेवा. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी फ्रीजच्या साध्या गार पाण्यानं अनेकदा थेंब येतच नाहीत आणि वर्गासमोर शिक्षकाची पंचाईत होते.

माझी मुलगी सहावीत आहे. शाळेत आम्ल, आम्लारी आणि क्षार शिकवतात, पण ती मोबाइलवर हिंदी व्हिडिओ पाहते आणि 'साबण क्षार आहे' असं लिहून येते. बाई चूक देतात. शेतात आपण क्षारपड जमीन म्हणतो, घागरीवर क्षार धरले म्हणतो. खरा क्षार कोणता? – पालक, देगलूर

सहावीच्या पातळीवर बाईंनी दिलेली चूक योग्य आहे, पण मुलीनं ती का केली हेही तिला समजलं पाहिजे. मराठीत ज्याला आम्लारी म्हणतात, त्याला हिंदीत क्षारक म्हणतात, आणि पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला हिंदीत थेट क्षार असा शब्द आहे. मराठीतला क्षार हिंदीत लवण होतो. शब्द तोच, पण सीमा ओलांडली की अर्थ फिरतो. वस्तुमानाचं द्रव्यमान, घनतेचं घनत्व, बाष्पीभवनाचं वाष्पीकरण, यांत धोका नाही, मूल आपोआप जुळवून घेतं. फसवतो तो क्षारच. वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून द्या : 'मराठी क्षार = हिंदी लवण. मराठी आम्लारी = हिंदी क्षारक.'

आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की एकमेकांचा गुण मारतात आणि त्यातून क्षार आणि पाणी तयार होतं. मीठ हा क्षार. तुरटी, मोरचूद, चुनखडक हेही क्षारच. क्षार म्हणजे खारट, असं समजू नये. तुरटी तुरट लागते, आणि मोरचूद तर विषारी आहे, तो चाखायचा नाही. घागरीवरचा पांढरा थर मुख्यतः चुनखडकाचा, म्हणजे क्षारच, तेव्हा गावातला शब्द इथं पुस्तकाशी जुळतो. त्या थरावर व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाका, बुडबुडे येतात.

फरक डोळ्यांनी दिसावा म्हणून हळदीचा कागद करा. वसमत-हिंगोलीकडं तर हळदीला तोटा नाही. एक चमचा हळद चार चमचे सॅनिटायझरमध्ये कालवा. नुसत्या पाण्यात तिचा रंग नीट उतरत नाही आणि कागदावर कण राहतात. शाई शोषणाऱ्या कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. सॅनिटायझर पेट घेतो, म्हणून जवळपास चूल-दिवा नको. आता एकेका पट्टीवर एकेक थेंब : साबणाचं पाणी, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी यांनी पट्टी लाल-तपकिरी होते, ते आम्लारीधर्मी. मिठाच्या पाण्यानं ती पिवळीच राहते. लिंबानंही पिवळीच राहते, आणि इथंच प्रयोग अर्धवट सुटतो. हळद आम्लारी ओळखते, पण आम्ल आणि मीठ यांतला फरक सांगत नाही. त्यासाठी लाल जास्वंदीच्या पाच-सहा फुलांच्या पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. तो अर्क लिंबानं भडक गुलाबी-लाल होतो, सोड्यानं हिरवट, मिठाच्या पाण्यानं बदलत नाही. दोन्ही दर्शक वापरले की मीठ आम्लही नाही आणि आम्लारीही नाही, हे मुलीला स्वतःलाच दिसेल. जास्वंदीचा अर्क उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी खराब होतो, तेव्हा ताजाच करा. खायचा सोडा सौम्य असल्यामुळे हळदीवर त्याचा रंग फिका येतो. चुन्याची निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका, ती मोठ्यांनीच हाताळावी.

किलो हे वजनाचं माप नाही, वस्तुमानाचं आहे, असं मुलगा सांगतो. मग दुकानात काय म्हणायचं? – पालक, परळी

दुकानात वजनच म्हणा, तिथं ते चुकीचं नाही. विज्ञानाच्या वहीत मात्र फरक आहे. वस्तूत द्रव्य किती आहे ते वस्तुमान, ते किलोग्रॅममध्ये मोजतात. पृथ्वी त्या वस्तूला किती बळानं ओढते ते वजन, ते न्यूटनमध्ये. १ किलोग्रॅमला पृथ्वी सुमारे ९.८ न्यूटननं ओढते.

दोन पारड्यांचा तराजू आणि स्प्रिंगचा काटा, दोन्ही मनानं चंद्रावर न्या. तराजूत एका बाजूला साखर, दुसऱ्या बाजूला किलोचं माप. चंद्र दोन्हींना सारखंच कमी ओढतो, म्हणून पारडी समच राहतात. स्प्रिंगचा काटा मात्र जवळपास सहावा हिस्साच दाखवेल. तिसरी-चौथीत हे ओझं नको, सहावी-सातवीत हेच उदाहरण पुरतं.

अन्नसाखळीत मुलं बाण उलटे काढतात. – शिक्षिका, भोकरदन

कारण मुलं मनात 'पक्षी अळीला खातो' असं वाक्य म्हणतात आणि बाण पक्ष्याकडून अळीकडं जातो. बाण 'कोण कुणाला खातं' हे दाखवत नाही, अन्न कुठून कुठं जातं हे दाखवतो. बाणाच्या जागी 'च्या पोटात' असं मोठ्यानं म्हणायला लावा : हरभरा, घाटेअळीच्या पोटात, घाटेअळी, साळुंकीच्या पोटात. हरभऱ्यात पक्षीथांबे कशासाठी लावतात, हेही त्याच तासात सांगून होईल.

'लोकर उष्ण असते' आणि 'लोखंड थंड असते' हे उदाहरण सुवाहक-दुर्वाहक शिकवताना द्यावं का? – शिक्षक, तुळजापूर

या शब्दांत देऊ नका. घोंगडीत स्वतःची उष्णता नसते. पत्र्याची पेटी आणि लाकडी पाट रात्रभर एकाच खोलीत होते, तर सकाळी थर्मामीटर दोन्हींवर जवळपास तोच आकडा दाखवतो. पत्रा थंड लागतो, कारण तो सुवाहक आहे, हाताची उष्णता पटकन ओढून घेतो. लाकूड हळू घेतं. मे महिन्यात सावलीतसुद्धा ४२ अंश असताना उलटं होतं : तोच पत्रा लाकडापेक्षा जास्त तापलेला लागतो, कारण आता उष्णता त्याच्याकडून हाताकडं येते. मुलांनी दोन्ही ऋतूंत हात लावून पाहावा.

घोंगडीसाठी बर्फ घ्या. सारख्या आकाराचे दोन खडे दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधा. एक पिशवी घोंगडीच्या चार घड्यांत गुंडाळा, दुसरी तशीच पाटावर ठेवा. कोणता खडा आधी विरघळेल, ते मुलांना आधी लिहायला लावा. बहुतेक जण घोंगडीतला लिहितील. अर्ध्या तासानं उघडलं की घोंगडीतला बराचसा शिल्लक असतो, कारण तिच्या केसांमधली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. बर्फवाला लादी भुशात आणि गोणपाटात ठेवतो, ते याचसाठी. पिशवी न बांधता बर्फ थेट घोंगडीत ठेवला तर लोकर ओली होते, हवेच्या जागी पाणी भरतं, उष्णता लवकर आत जाते आणि प्रयोग फसतो.